ओर्फाने फिरवलेला दगड

ओर्फा टॉलिव्हर माझी आतेबहीण. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण कळायला लागल्यापासून मला हुकूम सोडते, आणि मी कुरकुरत का होईना, तो पाळतो. इकडे दक्षिणेत, आमच्या काउंटीत, कोणी आपला पणजोबा शोधत आला की तो आधी कोर्टहाउसमध्ये जातो. तिथली बाई त्याला जाडजूड बाडं काढून देते, तो तासभर धूळ खातो, शिंकतो, आणि मग ती हळूच सांगते, "असं करा, मिस ओर्फांना फोन करा." मिस ओर्फा (आमच्याकडे मानाच्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) सगळं ऐकून घेतात आणि मला फोन करतात. "लेम, बूट घाल." बस, एवढंच बोलणं. मी जन्मभर शाळेची बस चालवली. आता निवृत्त झालो, जरा ओसरीत बसून घेवडा निवडावा म्हटलं, तर ही बया मला रानोमाळ कबरी बघत फिरवते.

बुटकी आणि रुंद बाई. डोक्यावर तिच्या नवऱ्याची, होबार्टची, गवती टोपी. तो बिचारा जाऊन बरीच वर्षं झाली. हातात एक लोखंडी सळई. ती जमिनीत खुपसत खुपसत चालते. एकदा खणलेली माती कितीही जुनी झाली तरी सळईला जागा देते, न खणलेली देत नाही. मला हातात घेऊन काही कळत नाही. तिला कळतं, आणि आजवर ते चुकलेलं मी पाहिलं नाही.

बरं, हे सगळं भर थंडीत. रान झडून मोकळं झालं की तिला उत्साह येतो. आमच्या जुन्या माणसांना नाव कोरलेला दगड कुठला परवडायला? ती कबरीवर निळ्या फुलांची एक सरपटणारी वेल लावत, आणि ती वेल बर्फातसुद्धा हिरवी राहते. उघड्याबोडक्या टेकडीवर हिरवा तुकडा दिसला की ओर्फा किंचाळते, "थांबव, थांबव!" मागून ट्रक भोंगा वाजवत असतो, पण तिला त्याचं काय! ती तोवर कुंपणाच्या तारेखालून पलीकडे गेलेलीसुद्धा असते.

तिचा एकच नियम आहे. दगडाला हात लावायचा नाही. वाकडा असेल तर वाकडा, आडवा पडला असेल तर आडवा. एकदा मी एक कललेला दगड बुटाने जरा सरळ करायला गेलो, तर अशी अंगावर आली की मी दोन पावलं मागे सरकलो.

"ज्याने ठेवला त्याला ठाऊक होतं कुठे ठेवायचा," म्हणाली. "तुला काय ठाऊक आहे रे?"

"मला एवढंच ठाऊक आहे की तो पडणार आहे."

"मग पडू दे. तुझ्या डोक्यावर तर नाही ना पडत?"

मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात तिला ओहायोतून एका बाईचा फोन आला. नाव लॉर्ना. तिची आई, मिस इसाडोरा, नव्वदीच्या घरातली. तिला तिच्या आजीने वाढवलं, आणि ती आजी, टेम्पी, आमच्या मातीतली. गुलामी संपल्यावर लगेचच जन्मलेली. तरुणपणी कामासाठी उत्तरेला गेली ती गेलीच. मरताना नातीचा हात धरून म्हणाली, मला माझ्या पपाजवळ नेऊन ठेव. नात तेव्हा शाळकरी पोर, ती काय नेणार? टेम्पीला तिकडे डेटनमध्येच पुरलं. आता नातीचेच दिवस भरत आले होते, आणि तिने आजीच्या कबरीवरची माती एका काचेच्या बरणीत भरून उशाशी ठेवली होती. ती पपाजवळ पोचवायची, मग डोळे मिटायचे, असं तिचं चाललं होतं.

"पपाचं नाव एनॉक," लॉर्ना म्हणाली. "पण तो कुठे पुरलाय ते कोणालाच माहीत नाही."

ओर्फाने मला फोन केला. "लेम, बूट घाल."

तो सगळा हिवाळा आमचा कोर्टहाउसच्या तळघरात गेला. मी तिथे जायला नाखूष असतो. गुलामांचा मालक मेला की त्याच्या मालमत्तेची नोंद व्हायची, त्या पानांवर आधी खेचरं येतात, मग नांगर, मग आमची माणसं. आडनाव नाही, काही नाही. ओर्फा त्या ओळींवरून बोट फिरवते आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचते, जे आपल्याला हवं नाही तेसुद्धा. मी म्हणालो, "अगं, एनॉकपुरतं बघ ना, दुपार झाली." म्हणाली, "कोणी हाक मारून किती वर्षं झाली असतील यांना. तुला जेवायचं असेल तर जा." मग कुठला मी जाणार!

गुलामी संपल्यानंतरच्या शिरगणतीत एनॉक सापडला. शेतमजूर, बायको, आणि तान्ही टेम्पी. एवढ्यावरून तो कोणाच्या जमिनीवर राहत होता ते तिने शोधलं, ती जमीन पुढे कोणी कोणाला विकली ते शोधलं, आणि एका खरेदीखतात तिला ओळ मिळाली: टेकडीवरची काळ्यांच्या कबरींची जागा सोडून. ओर्फाने बाड मिटलं आणि चष्मा काढला.

"ही जागा मला माहीत आहे, लेम," ती म्हणाली. "होबार्ट आणि मी साफ केलेली ही पहिलीच जागा. आमचं नवीन लग्न झालं होतं."

मे महिन्यात, डेकोरेशनच्या रविवारच्या आदल्या दिवशी, मायलेकी आल्या. डेकोरेशनला आमच्याकडे सगळे आपापल्या कबरी झाडतात, फुलं वाहतात, मग झाडाखाली पंगत. बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवशी हटकून परत येतात. लॉर्ना साठीची, शांत बाई. मिस इसाडोरा मात्र काठीसारख्या सरळ, डोक्यावर जांभळ्या फुलाची हॅट, मांडीवर बरणी. मी त्यांना माझ्या ट्रकमध्ये घेतलं.

"तुम्ही ड्रायव्हर होता म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो. पोरांची बस."

"वाटलंच. खड्डा दिसला की तुम्ही त्यावरूनच नेता."

ओर्फा मागे हसली. ट्रकमध्ये दोघी एका बाजूला झाल्या की आपलं काही चालत नाही.

टेकडीवर सीडरची झाडी आहे, आणि तिच्याखाली ती वेल गुडघाभर माजलेली. तिच्यातून दगड डोकं वर काढून आहेत. रानातलेच दगड, ओबडधोबड, एकावरही अक्षर नाही. आमच्याकडे मेलेल्याचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. शेवटच्या दिवशी बोलावणं पूर्वेकडून येणार, तेव्हा उठून बसल्याबरोबर तोंड तिकडेच हवं. डोक्याशी मोठा दगड, पायाशी छोटा. इथेही तसंच, रांगांमागून रांगा. मी मिस इसाडोरांची घडीची खुर्ची काखोटीला मारून उभा होतो, आणि कुठे ठेवू ते कळेना. जिकडे पाहावं तिकडे कोणाचं तरी डोकं नाहीतर पाय.

ओर्फाने सळई घेतली आणि खुपसत खुपसत सगळ्यात पुढच्या, पूर्वेकडच्या रांगेत गेली. तिथे दोन कबरींच्या मधे एक जागा रिकामी होती.

"इथे ठेव," ती म्हणाली. "ही माती कधी खणलेलीच नाही. इथे कोणी नाही."

मिस इसाडोरा तिथे बसल्या. समोर एक दुहेरी बुंध्याचा मोठा सीडर, त्याच्या बुडाशी एकच सुटी कबर. त्यांनी मान वळवून मागच्या रांगा पाहिल्या, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"यातले माझे कोणते?" त्यांनी विचारलं.

ओर्फाला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठाच दोष आहे. "ते मला माहीत नाही, मिस इसाडोरा," ती म्हणाली. "ते इथे आहेत, एवढं मी छातीठोक सांगते. कुठले, ते सांगता येत नाही."

"मम्मा," लॉर्ना हळूच म्हणाली, "आपण मधोमध ठेवू या ना. सगळी आपलीच माणसं."

"उद्या मी गेले की मला कोणाच्याही शेजारी निजवशील का गं तू?"

"मम्मा!"

"आजी म्हणाली, पपाजवळ. पपाच्या गावात कुठेतरी असं नाही म्हणाली." त्यांनी बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "परक्या माणसापाशी तिला टाकून मी जाणार नाही. इतकी वर्षं ती परक्यांतच पडली आहे. उद्याचं तुमचं चर्च झालं की आम्ही निघू."

तिथे बराच वेळ त्या बसून राहिल्या, ऊन उतरेपर्यंत. परत येताना मी खड्डे चुकवले, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी ओर्फाकडे मक्याची भाकरी घेऊन गेलो तर तिने ताट बाजूला सारलं.

"म्हातारीला दारापर्यंत आणलं आणि दार उघडता येत नाही मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ओर्फाला रडताना मी होबार्ट गेल्यानंतर प्रथमच पाहत होतो.

रविवारी चर्च. मी जातो चर्चला, नाही असं नाही, पण शेवटच्या बाकावर बसतो. आमचे लोक पास्टरला खालून साथ देतात. तो एक वाक्य बोलला की "बोला, पास्टर!", "आमेन!", "अगदी खरं!" असं सुरू. मी नाही त्यातला. मी आजवर एकाही पास्टरला आमेन दिलेला नाही. माणूस आधीच फुगलेला, त्यात आपण आणखी हवा कशाला भरायची? माझी बायको यावरून मला शेवटपर्यंत बोलायची.

मग फुलं झाली, आणि ओकच्या झाडाखाली टेबलं लागली. तळलेली कोंबडी, शिजवलेली पालेभाजी, रताळी, केक, गोड थंड चहा. मिस इसाडोरांना मानाची खुर्ची. त्यांच्या एका बाजूला पास्टर, दुसऱ्या बाजूला ओर्फा, समोर मी. पास्टर तरुण आहे आणि त्याची भूक फार तरुण आहे.

"पास्टर, त्या कोंबडीला तिसरा पाय नव्हता," मी म्हणालो.

"ब्रदर लेम, तुम्ही मोजता आहात, म्हणजे तुमचं लक्ष आहे तर माझ्याकडे. चर्चमध्ये दिसत नाही ते."

सगळे हसले. मिस इसाडोरासुद्धा जरा हसल्या, आणि बहुधा त्यामुळेच मोकळ्या झाल्या. आजीबद्दल बोलू लागल्या. टेम्पी कशी कपडे धुऊन पोट भरायची, जुन्या दिवसांबद्दल विचारलं की कशी ओठ मिटून घ्यायची.

"पण कोणी गेलं तरी ती रडायची नाही," त्या म्हणाल्या. "म्हणायची, उठायच्या दिवशी मी डोळे उघडीन ना, तेव्हा पहिलं तोंड मला माझ्या पपाचं दिसणार आहे. सगळ्यांच्या आधी पपाचं. लहानपणी मला वाटायचं, लेकीची माया आहे, बोलते आपली."

"आमेन," टेबलावरून दोघीतिघी म्हणाल्या.

ओर्फाच्या हातातला काटा ताटात पडला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"त्या काय म्हणायच्या ते. जसंच्या तसं सांगा."

मिस इसाडोरांनी पुन्हा सांगितलं. ओर्फा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पाहून मी हातातलं हाड खाली ठेवलं.

"लेम, समज तू मेलास."

"आभारी आहे."

"गप्प ऐक. पूर्वेकडे पाय करून तुला पुरला. मला तुझ्या पुढच्या रांगेत पुरली. शेवटचा दिवस आला, तू उठून बसलास. काय दिसेल तुला?"

"तुझी पाठ. तिथेही माझी सुटका नाही म्हणजे."

"पाठच दिसेल ना? सगळ्यांना पुढच्याची पाठच दिसणार. मग यांच्या आजीला पपाचं तोंड कसं दिसेल?"

"मग तो म्हातारा उलटा पुरलेला असला पाहिजे," मी म्हणालो. थट्टेतच म्हणालो हो, दुसरं काय!

कोणी हसलं नाही. पास्टर चावायचा थांबला. कारण उलटं कोणाला पुरतात ते त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्या चर्चच्या मागेच तसे दोघे आहेत. पास्टरला आम्ही उलटा पुरतो, डोकं पूर्वेला आणि पाय पश्चिमेला. त्याची माणसं जेव्हा उठतील तेव्हा तो त्यांच्यासमोर हवा, त्यांच्याकडे तोंड करून, सगळे आले का ते बघत.

"एनॉक प्रवचन करायचा," पास्टर हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तो त्यांच्या पुढे असणार."

"शिरगणतीत तर शेतमजूर आहे," मी म्हणालो.

"त्यांनी विचारलं असेल, काम काय करतोस? रविवारी काय करतोस ते कोण विचारतंय?"

"ते सगळं ठीक आहे. पण त्या टेकडीवर उलटी कबर एकही नाही. काल मी खुर्ची घेऊन तासभर उभा होतो. सगळे मोठे दगड पश्चिमेला आहेत."

"होती," ओर्फा म्हणाली.

आम्ही तिच्याकडे पाहिलं. तिने होबार्टची टोपी डोक्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली.

"दुहेरी सीडरखाली ती एकटी आहे ना, ती. तिचा मोठा दगड पूर्वेला होता आणि छोटा पश्चिमेला. तेव्हा तिथे गुरं चरायची. मला वाटलं, गुरांनी पाडले आणि कोणा बावळटाने उलटे रोवले. होबार्ट म्हणाला, राहू दे गं, ओर्फा, आपल्याला काय माहीत? मी ऐकलं नाही. म्हटलं, असा कसा कोणी पायाकडे डोकं करून पडेल, बघवत नाही मला. मी त्याला ते दोन्ही दगड काढायला लावले आणि अदलाबदल करून रोवले." "मी फिरवलं त्यांना, मिस इसाडोरा. आपल्या माणसांकडे पाठ करून ठेवलं. मी."

सगळ्या काउंटीला दगडाला हात लावू नका म्हणून दटावणारी बाई, आणि ती भर पंगतीत, पास्टरसमोर हे सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना. मिस इसाडोरांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं.

"मग इथे केक काय खात बसलीस?" त्या म्हणाल्या. "ऊठ!"

अर्धं चर्च टेकडीवर आलं. बायका रविवारच्या बुटांनी त्या वेलीतून चढल्या. सीडरच्या बुडाशी ओर्फा गुडघ्यांवर बसली, पूर्वेकडचा छोटा दगड तिने हलक्या हाताने काढला आणि तिथली माती उकरायला लागली. मी म्हणालो, फावडं देतो. नको म्हणाली. "मोठा दगड ओढताना होबार्टच्या हातात तुटला होता," ती उकरता उकरता म्हणाली. "बूड खालीच राहिलं. ते असलं तर इथेच असेल, नाहीतर मी म्हातारी झालेय आणि काहीतरी बरळतेय."

माती काळी आणि मऊ होती. कोपरापर्यंत हात गेला आणि ती थांबली. मग तिने माझा हात धरून त्या खड्ड्यात घातला. बोटांना दगडाची कड लागली, तुटलेली, करकरीत.

मी आणि पास्टरने पश्चिमेचा मोठा दगड उपसला. वरून एवढा दिसत नाही, पण जड होता, पास्टरने खाल्लेली कोंबडी सार्थकी लागली. दोघांनी उचलून तो पूर्वेच्या टोकाला नेला आणि त्या बुडावर टेकवला. जरा इकडे, जरा तिकडे केलं, आणि तो आपोआप आत बसला. दगडावर दगड घासल्याचा एक आवाज आला, आणि मग तो हलेना. फटीत नखसुद्धा जाईना.

मी मागे वळून पाहिलं. त्या सगळ्या रांगा, ते ओबडधोबड दगड, काल मला ते नुसते दगड दिसले होते. आता ती बसलेली माणसं होती. सगळी एकाच माणसाकडे बघत होती, आणि तो त्यांच्याकडे. या लोकांना कोणी लिहायला शिकू दिलं नव्हतं. त्यांनी दोन दगडांची जागा बदलून सांगून ठेवलं होतं की हा आमचा पास्टर आहे, आणि देवाने आम्हाला उठवलं की आम्ही आधी याच्याकडे बघणार. दीडशे वर्षं ते तसं सांगत बसले होते. पास्टरने हॅट काढली. मग मीही काढली.

ओर्फाने छोटा दगड पायाशी, पश्चिमेला, रोवला. "माफ करा मला," ती त्या दगडाला म्हणाली. बस, आणखी काही नाही.

"आता आजीला कुठे ठेवू?" मिस इसाडोरांनी विचारलं. "समोर हवी ती. अगदी समोर."

ओर्फा उठली, सळई घेतली, आणि एनॉकच्या पायापासून सरळ पश्चिमेला पहिल्या रांगेकडे गेली. डावीकडे सळई खुपसली, आत गेली. उजवीकडे खुपसली, आत गेली. मधे खुपसली आणि ती टणकन थांबली.

तिने आमच्याकडे पाहिलं. त्या जागेवर वेल दबलेली होती, आणि तिच्यात चार ठसे होते, घडीच्या खुर्चीच्या पायांचे.

"इथे कोणी नाही," ओर्फा म्हणाली.

पहिल्या रांगेत, बापाच्या बरोबर समोर, एकीची जागा सोडलेली होती. दोन्ही बाजूंना माणसं पुरली होती, आणि ही मात्र कोणी घेतली नव्हती. पोर उत्तरेला गेली आहे, येईल परत, म्हणून असेल. कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी तिथे होतो.

"काल मी दुपारभर इथेच बसले होते," मिस इसाडोरा म्हणाल्या. "तिच्या जागेवर बसून विचारत होते, माझे कोणते." आणि त्या रडायला लागल्या, अगदी लहान पोरीसारख्या, आवाज करून, आणि लॉर्ना त्यांना धरून उभी राहिली.

ओर्फाने ती टणक माती फोडली. या खेपेला फावडं घेतलं तिने. मिस इसाडोरांनी बरणी उपडी केली, रिकामी झाल्यावर तळावर हाताने थोपटलं, आणि शेवटचा कणही खाली पाडला. मग म्हणाल्या, "माझी खुर्ची आणा. तिच्या शेजारी ठेवा. मला पपांच्या समोर बसायचं आहे."

मी खुर्ची ठेवली. त्या बसल्या, हॅट नीट केली. लॉर्ना त्यांच्या पायाशी गवतात बसली. मग ओर्फा बसली, जी कबरस्तानात कधी बसत नाही. मग एकेक करून सगळेच, रांगांच्या मधल्या मोकळ्या वाटांवर, रविवारच्या कपड्यांत, पूर्वेकडे तोंड करून. पास्टरसुद्धा खाली बसला. गुडघे दुखतात म्हणून मी जमिनीवर बसत नाही, पण ओर्फाने मनगट धरून मला तिथेच, पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी खाली ओढलं.

सीडरमधून वारा येत होता. समोर तो दगड उभा होता, आपल्या जागी, आमच्याकडे तोंड करून.

मग मिस इसाडोरा दगडाकडे बघून, चर्चमध्ये म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बोला, पपा. सगळे आले आहेत."

आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी आमेन म्हणालं. ओर्फाने माझ्याकडे चमकून पाहिलं, तेव्हा मला कळलं की तो मीच.